पाट्या

व्याही आले परभणीहून, लिंबाजीराव.
सकाळीच दाढी करून तयार, खिशात यादी:
किल्ला, कमल बस्ती, कपिलेश्वर,
आणि कुंदा एक किलो, खाली दोन रेघा मारलेला.
म्हणाले, बेळगावात बघण्यासारखं असेल ते सगळं दाखवा.
म्हटलं, दाखवूया की.

पण माझी नजरच वाकडी.
चाळीस वर्षं या गावात शिडीवर काढली.
मला गाव दिसतं ते जमिनीपासून आठ फुटांवर सुरू होतं
आणि बाराव्या फुटाला संपतं.
खाली काय विकतात, नीट माहीत नाही.

गणपत गल्लीत मी थांबलो.
हे बघा, ‘कंग्राळकर भांडी भांडार’,
दोन्ही ‘भां’ सारखे आलेत, मोजून घ्या.
पांढऱ्यात चिमूटभर नीळ टाकली होती,
म्हणून अजून पिवळा पडला नाही.
लिंबाजीराव म्हणाले, छान. किल्ला कुठं आला?

खडेबाजारात पुन्हा थांबलो.
त्या पाटीला चार थर आहेत.
तळाशी मराठी, माझी, मोठ्या अक्षरांत.
त्यावर एका रात्री कुणीतरी फासलेलं डांबर.
त्यावर कन्नड. कन्नडवर शाई.
आणि सगळ्यावर आता दोन्ही, नियमानं, वर-खाली.
प्रत्येक वेळी बोलावणं मलाच.
रंगाचे पैसे रोख, शिव्या उधार.

कन्नड लिहायचा गुरुसिद्धय्या, गोकाकचा.
शिडी एक, डबे दोन,
तो वरच्या पायरीवर, मी खालच्या,
त्याच्या ब्रशाचा लाल माझ्या टोपीवर.
म्हणायचा, तुमची अक्षरं दोरीवर वाळत घातलेली,
आमची बघ, डोक्याला पटका बांधून निघालीत.
एकदा मी विचारलं, दोघांत सारखं काय रे?
ब्रश दातात धरून बसला. चहा गार झाला.
मग म्हणाला, ळ.
तुमच्यात आहे, आमच्यात आहे.
गावाचं नाव पुढून बदला, मागून बदला,
मधला ळ तिथंच.
साहेबाला काही तो जमला नाही बघ.

गुरुसिद्धय्या गेला त्याच साली
कॅम्पात फ्लेक्सचं पहिलं मशीन आलं.
एवढंच. रडण्यासारखं काही नाही.
शिडी पुतण्यानं नेली, मंडपाच्या कामाला.

किल्ल्यात लिंबाजीराव खुलले.
खंदकाचा फोटो, दरवाजाचा फोटो,
पहाऱ्यावरच्या जवानाला विचारून तोफेचा फोटो.
बस्तीत छताखाली उभे राहिले,
वरून लोंबणारं दगडाचं कमळ बघत,
आणि मान अवघडली.
मला काही झालं नाही. मान वर करून जगायची सवय.

मी मात्र एका खांबापाशी अडकलो.
खाली, पायाशी, चार अक्षरं,
येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातांनी गुळगुळीत.
बेंबीच्या खाली लिहिलेलं मी जन्मात काही वाचलं नव्हतं.
उकिडवा बसलो. बोट फिरवलं.
काय लिहिलंय, लिंबाजीरावांनी विचारलं.
वाचता येत नाही, जुनं कन्नड आहे.
मग इतका वेळ काय बघताय?
म्हटलं, हात. हात चांगला होता.
दुसऱ्या अक्षराचा पटका बघा, एका दमात बांधलाय.
तिसऱ्याला छिन्नी उचलली, मग परत टेकवली,
थोडी बाजूला, हे इथं,
कुणीतरी पाणी प्यायला हाक मारली असणार.
लिंबाजीराव गुडघे धरून खाली वाकले.
बराच वेळ बघितलं त्यांनी.
फोटो नाही काढला.

कपिलेश्वर राहिलाच. ऊन चढलं होतं.
कुंद्याच्या दुकानासमोर ते आपणहून थांबले,
मान वर करून, माझ्यासारखे,
पाटीत काहीतरी शोधत.
म्हटलं, ते सोडा, फ्लेक्स आहे.
आत चला.